अर्ध्या गुणाची किंमत

इ. स. १९३५ सालीं मीर सुलतान खान आणि व्ही. के. खाडिलकर या दोन बुद्धिबळपटूंमध्यें दहा डावांचा एक सामना झाला. सुलतान खान यांनीं नऊ डाव जिंकले, एक डाव बरोबरींत सुटला, आणि खाडिलकरांस एकहि डाव जिंकतां आला नाहीं. हिशेब मांडावयाचा तर एकीकडे साडेनऊ गुण आणि दुसरीकडे अर्धा. असा निकाल कानीं आला म्हणजे आपण सहज म्हणून जातों कीं, सामना अगदींच एकतर्फी झाला; आणि तें खोटेंहि नाहीं. तथापि आमचें मन त्या साडेनऊ गुणांपाशीं फारसें रेंगाळत नाहीं. तें त्या एकुलत्या एका अर्ध्या गुणापाशीं जाऊन बसतें. तो कोणापासून मिळविला होता, हें पाहिल्यावांचून त्याची किंमत कळावयाची नाहीं.

सुलतान खान हे पंजाबांतील सरगोधा जिल्ह्यांतले. त्यांचे वडील देशी पद्धतीचें बुद्धिबळ खेळत, आणि मुलानें त्यांजपासूनच तो खेळ उचलला. पुढें सर उमर हयात खान या जमीनदार सरदारांनीं त्यांस आश्रय दिला व युरोपीय नियमांचें बुद्धिबळ शिकविण्याची तजवीज केली. तेव्हां सुलतान खान विशीच्या घरांत होते. म्हणजे ज्या वयांत आजकालचे नामांकित खेळाडू जगज्जेतेपदाच्या गोष्टी बोलूं लागतात, त्या वयांत या गृहस्थांनीं खेळाचे नवे नियम गिरविण्यास आरंभ केला. इ. स. १९२८ सालीं त्यांनीं अखिल हिंदुस्थानची स्पर्धा जिंकली. तींत आठ डाव जिंकले, एक बरोबरींत सोडविला, हरला एकहि नाहीं. दुसऱ्याच वर्षीं सर उमर त्यांस विलायतेस घेऊन गेले आणि त्याच वर्षीं, १९२९ सालीं, ब्रिटिश अजिंक्यपद त्यांच्या हातीं आलें. तें त्यांनीं १९३२ व १९३३ सालीं पुन्हां मिळविलें. हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेंत त्यांनीं कापाब्लांका या माजी जगज्जेत्यास हरविलें. असा हा खेळाडू १९३३ च्या अखेरीस सर उमर यांजबरोबर स्वदेशीं परतला, आणि थोड्याच काळानें त्याच्यासमोर आपले खाडिलकर पट मांडून बसले.

खाडिलकर म्हटल्याबरोबर मराठी वाचकांस नाट्याचार्य आठवतात. किंवा १९७४ सालीं झालेली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकणाऱ्या वासंती खाडिलकर आठवतात. हे व्ही. के. खाडिलकर निराळे. इ. स. १९२४ सालीं विलायतेंत साउथपोर्ट येथें ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा झाली, तींत ते खेळले होते. सुलतान खान यांनीं आगबोटीवर पाऊल ठेवण्याच्या पांच वर्षें आधींची ही गोष्ट आहे. या दोघांपैकीं कोणासहि धंदेवाईक खेळाडू म्हणतां यावयाचें नाहीं. त्या काळीं आपल्या देशांत बुद्धिबळावर पोट भरणें ही कल्पनाच कोणाच्या डोक्यांत आली नसती. दोघेहि हौशी, परंतु हौशी या शब्दानें कच्चा असा अर्थ कोणी घेऊं नये. १९३१ सालीं प्राग येथील सांघिक स्पर्धेंत याच हौशी सुलतान खानांनीं, त्या वेळचा जगज्जेता अलेखीन याच्याशीं डाव बरोबरींत सोडविला. बोगोल्युबोव, काश्दान, ग्रुनफेल्ड यांच्याशींहि तसाच. अलेखीनकडून घेतलेला अर्धा गुण सुलतान खानांच्या चरित्रांत भूषण म्हणून सांगतात. मग सुलतान खानांकडून घेतलेल्या अर्ध्या गुणाचें खाडिलकरांच्या खातीं कांहींच मोल नाहीं काय? नऊ डाव हरलेला मनुष्य पटावर पुन्हां मोहरीं मांडतो आणि त्याच प्रतिपक्ष्याकडून अर्धा वांटा काढून घेतो, किंवा अर्धा वांटा घेऊन मग उरलेले डाव हरतो; कसेंहि झालें असलें तरी तो अर्धा गुण दानांत मिळालेला नसतो.

आपल्याकडील जुन्या खेळांत बरोबरीचा विचार निराळ्या रीतीनें होत असे, तो थोडक्यांत सांगतों. कारण आजोबांच्या तोंडीं ते शब्द अद्याप ऐकूं येतात आणि नातवास ते कळत नाहींत. देशी पद्धतींत प्यादें पहिल्या खेळीसहि एकच घर चाले. किल्लेकोट नसे, त्याऐवजीं राजास डावांत एकदां घोड्याची अडीच घरांची चाल मिळे. प्यादें पलीकडच्या टोकास पोंचलें म्हणजे ज्या मोहऱ्याच्या घरांत तें जाई तेंच मोहरें होई. वाटेल तो वजीर करतां येत नसे. आणि एका पक्षाचीं सारीं मोहरीं मारलीं जाऊन राजा एकटाच उरला म्हणजे डाव ‘बुर्जी’ झाला असें म्हणत. बुर्जीनें जिंकणारास पुऱ्या मातेचा मान मिळत नसे. म्हणून खरा कसबी खेळाडू प्रतिपक्ष्याचें एखादें प्यादें मुद्दाम जिवंत राखी व मग मात करी. सर्व खाऊन टाकणें म्हणजे सर्व जिंकणें नव्हे, ही समजूत त्या नियमांतच होती. सुलतान खान लहानपणीं याच नियमांत वाढले.

युरोपांतील स्पर्धांतहि अर्धा गुण पूर्वीपासून होता असें नाहीं. लंडनला १८५१ सालीं पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हां बरोबरीचा डाव हिशेबांत धरीत नसत; डाव पुन्हां खेळावा लागे. त्यानें स्पर्धा लांबत आणि खेळाडू थकत. पुढें १८६७ सालीं पॅरिसच्या स्पर्धेंत असें ठरविलें कीं, बरोबरी झाली तर दोघांसहि शून्य. ही शिक्षा म्हणावी कीं न्याय म्हणावा? पांच तास झुंजून दोघांपैकीं कोणीहि चुकला नाहीं, याबद्दल दोघांस दंड! त्याच वर्षीं स्कॉटलंडांतील डंडी गांवच्या स्पर्धेंत प्रत्येकास अर्धा गुण देण्याची रीत पडली, आणि तीच पुढें जगभर रूढ झाली. आमच्या मतें हा अर्धा गुण काढणारा जो कोणी चिटणीस असेल तो मोठा समंजस मनुष्य असला पाहिजे.

बरोबरीस कांहींच मोल न दिल्यास काय होतें, याचें अलीकडचें उदाहरण मॉस्को येथील आहे. १९८४ सालीं कार्पोव व कास्पारोव यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांत, जो सहा डाव आधीं जिंकेल तो विजयी, बरोबऱ्या जमेस धरावयाच्या नाहींत, असा नियम होता. सप्टेंबरांत सुरू झालेला सामना फेब्रुवारी उजाडला तरी संपेना. अठ्ठेचाळीस डाव झाले. त्यांत चाळीस बरोबरींत सुटले. कार्पोव पांच जिंकला होता, कास्पारोव तीन. शेवटीं १५ फेब्रुवारी १९८५ रोजीं निकालावांचूनच सामना बंद करावा लागला. उलट आपल्या देशाच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेची गोष्ट पाहा. ती १९५५ सालीं आंध्रांत एलुरू येथें झाली, आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. व्यंकय्या हे दोघे सारख्या गुणांनीं पहिले आले. देशाच्या पहिल्या अजिंक्यवीराचें नांव विचारलें तर दोन नांवें सांगावीं लागतात, आणि त्यांत कोणासहि कमीपणा वाटत नाहीं.

डाव बरोबरींत कोणकोणत्या प्रकारें सुटतो हें आतां भराभर सांगून टाकतों. दोन्ही पक्षांकडे मात करण्यापुरतें बळच उरलें नाहीं तर. तीच स्थिति, त्याच पक्षाची पाळी असतां, तिसऱ्यांदां आली आणि खेळाडूनें तसा हक्क सांगितला तर. पन्नास खेळ्यांत कोणीहि प्यादें हालविलें नाहीं व कांहीं मारलेंहि नाहीं तर. दोघांनीं आपसांत कबूल केलें तर. आणि ज्याची पाळी त्याच्या राजास शह नाहीं, पण हालावयासहि जागा नाहीं व दुसरें मोहरेंहि चालत नाहीं, अशी कोंडी झाली तर. या शेवटच्या प्रकाराविषयीं मुलांस नेहमी नवल वाटतें. ज्याची कोंडी झाली तो हरला असें कां नाहीं? खरोखरच इंग्लंडांत पुष्कळ काळ याविषयीं निराळे नियम होते. कोंडी करणाराच हरला असें तेथें धरीत. इ. स. १८०८ च्या सुमारास सारॅट नांवाच्या जाणत्या खेळाडूच्या खटपटीनें बरोबरीचा नियम तेथें पक्का झाला. राजास पकडावयाचें असेल तर शह देऊनच पकडलें पाहिजे. नुसतें दार लावून घेऊन भागत नाहीं, असें त्याचें तात्पर्य.

गेल्या पावसाळ्यांत एका आंतरशालेय स्पर्धेंत आमच्या आठवीच्या एका विद्यार्थ्याचा डाव याच रीतीनें सुटला. मुलगा पेणकरपाड्यांतलाच. आमच्या या गांवठाणाच्या भोंवतीं आतां उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, परंतु मुलें अद्याप ओट्यावर बसून खेळतात. बहुधा कॅरम, क्वचित् बुद्धिबळ. या मुलाचे आजोबा मिठागरावर काम करीत, आणि पट त्यांचाच. प्रतिपक्षी भाईंदरकडील एका शाळेचा, वयानें वर्षभर मोठा व खेळानेंहि सरस. दोन तासांनंतर मोठ्या मुलाकडे, म्हणजे पांढऱ्याकडे, राजा व एक प्यादें उरलें होतें. आमच्या मुलाकडे काळा राजा एकटा. आजोबा असते तर ‘बुर्जी’ म्हणून उठलेच असते. पण येथें नियम निराळे. प्यादें आठव्या घरास गेलें कीं वजीर, आणि वजीर झाला कीं मात.

ज्यांच्या घरीं पट आहे त्यांनीं ही स्थिति मांडून पाहावी. पांढरा राजा डी ५ वर, पांढरें प्यादें ई ४ वर, काळा राजा डी ७ वर, पांढऱ्याची पाळी. दोन राजे एका रांगेंत, मध्यें एक घर सोडून, समोरासमोर उभे आहेत. अशा वेळीं ज्याची पाळी असेल त्यास बाजूस सरावें लागतें, आणि जो सरतो तो वाट देतो. पांढऱ्यास राजा हालवावयाचा नसेल तर प्यादें पुढें सारणें एवढाच मार्ग उरतो. त्यानें तेंच केलें: प्यादें ई ५. काळा राजा ई ७ वर येऊन प्याद्याच्या वाटेंत उभा राहिला. पांढऱ्यानें पुन्हां प्यादें सारून ई ६ वर नेलें.

येथें आम्हीं सर्व मुलांस थांबावयास सांगतों. काळ्या राजास आतां कोणत्या घरीं जावें? डी ८, ई ८, एफ ८ हीं तीन घरें मागें आहेत, आणि एफ ६ बाजूस पुढें आहे. ई ६ वरील प्यादें मारतां येत नाहीं, कारण त्यास डी ५ वरील राजाचा जोर आहे. दहांपैकीं सात मुलें येथें डी ८ म्हणतात. पांढरा राजा डी ६ वर येणार, तर त्याच्या जवळ राहिलेलें बरें, असें त्यांस वाटतें. तसें केल्यास पांढरा राजा डी ६ वर येतो, आणि आतां राजे समोरासमोर असून पाळी काळ्याची. काळा ई ८ वर जातो, प्यादें शह न देतां ई ७ वर येतें, काळ्यास एफ ७ खेरीज घर नाहीं, पांढरा राजा डी ७ वर येतो आणि पुढच्या खेळीस वजीर होतो. डाव गेला.

खरी खेळी एकच: सरळ मागें, ई ८. त्यानंतर पांढरा राजा डी ६ वर आला तर काळा डी ८ वर, आणि तो एफ ६ वर आला तर काळा एफ ८ वर. म्हणजे प्रत्येक वेळीं काळा समोर येऊन उभा राहतो आणि पाळी पांढऱ्यावर पडते. पांढऱ्यानें डी ६ पसंत केलें. काळा डी ८. प्यादें ई ७, शह. काळा राजा ई ८. आतां प्यादें राखावयाचें तर पांढऱ्या राजास ई ६ हें एकच घर, आणि तेथें तो आला कीं काळ्या राजास कोठेंहि जातां येत नाहीं. डी ७, एफ ७ पांढऱ्या राजाच्या दाबाखालीं, डी ८, एफ ८ प्याद्याच्या माऱ्यांत, आणि ई ७ वरील प्याद्यास राजाचा जोर. शह मात्र नाहीं. कोंडी झाली, डाव बरोबरींत सुटला.

मोठ्या मुलाचें चुकलें कोठें? शेवटच्या पांच खेळ्यांत तो कोठेंच चुकला नाहीं. तेथें जिंकण्याचा मार्गच नव्हता. वर सांगितलेल्या पहिल्या स्थितींत त्याचें प्यादें ई ४ ऐवजीं ई ३ वर असतें, बाकी सर्व तेंच असतें, तर त्यानें तें ई ४ वर सारून पाळी काळ्यावर टाकली असती. काळ्यास सरावें लागलें असतें. तो ई ७ वर गेला तर पांढरा राजा ई ५ वर, तो सी ७ वर गेला तर पांढरा राजा ई ६ वर, आणि अशा रीतीनें राजा प्याद्याच्या पुढें घुसून डाव सहज जिंकला असता. म्हणजे एक राखीव खेळी त्याजवळ असावयास पाहिजे होती, आणि ती त्यानें आधींच, कांहीं सुचेना म्हणून, खर्चून टाकली होती. राजा पुढें व प्यादें मागें, हा नियम पुस्तकांत एका ओळींत असतो. परंतु हातांत प्यादें असलें म्हणजे तें पुढें सारण्याचा मोह मोठ्या माणसांसहि आवरत नाहीं. काळ्याच्या बाजूनें पाहिलें तर त्याजवळ कांहींच शिल्लक नव्हतें. एक घर मागें जाण्याचें धैर्य आणि कोणतें घर तें ठाऊक असणें, एवढ्यावर त्यानें अर्धा गुण राखला.

मुलगा बाहेर आला तेव्हां त्याचे वडील दाराशीं उभे होते. कारखान्यांतील पाळी बदलून घेऊन ते आले होते. त्यांनीं विचारलें, “काय रे, जिंकलास कीं हरलास?” मुलगा म्हणाला, “बाबा, बरोबरी झाली.” त्यावर वडील म्हणाले, “म्हणजे हरला नाहींस, पण जिंकलाहि नाहींस. मग दोन तास केलेंस तरी काय?” मुलगा किंचित् घुटमळला आणि म्हणाला, “बाबा, एक घर मागें गेलों.” वडिलांस तें उत्तर कळलें नाहीं, तो दोष त्यांचा नव्हे. त्याच वेळीं बाकावर बसून तो मोठा मुलगा डोळे पुशीत होता आणि त्याची आई त्यास पाणी देत होती. एकाच निकालानें एकाच्या घरीं अर्धा गुण आला आणि दुसऱ्याच्या घरून अर्धा गुण गेला असें दोन्ही घरांस वाटलें. कागदावर मात्र दोघांच्याहि नांवापुढें सारखाच आंकडा होता.

पालकांपैकीं पुष्कळांची समजूत अशी असते कीं, मुलास स्पर्धेंत घातलें म्हणजे चषक घरीं आला पाहिजे. त्यांस आमची विनंती एवढीच कीं, मुलगा परत आल्यावर निकाल विचारण्याआधीं त्याचा नोंदीचा कागद मागून घ्यावा. स्पर्धेंत प्रत्येक खेळी लिहावी लागते, म्हणून कागद असतोच. खेळ येत नसला तरी चालेल. मुलास म्हणावें, “बाळ, हा डाव मला पटावर मांडून दाखव.” अर्ध्या तासांत कळतें कीं, बरोबरी कोणत्या जातीची होती. बुडतां बुडतां सांवरलेला डाव निराळा, जिंकतां जिंकतां हातचा गेलेला निराळा, आणि भिऊन आपसांत मिटविलेला निराळा.

या तिसऱ्या जातीविषयीं आमचें मत कठोर आहे. अलीकडे लहान मुलें दहाव्या-बाराव्या खेळीसच एकमेकांस बरोबरी विचारतात आणि हात मिळवून बाहेर पळतात. पटावर सारीं मोहरीं उभीं असतात. कोणीं कोणास कांहीं विचारलेलेंच नसतें. समोरचा मुलगा नांवाजलेला आहे, हरलों तर घरीं काय सांगूं, या भयानें तो अर्धा गुण विकत घेतलेला असतो. ही संवय थोरांसहि जडली होती, म्हणून तर २००५ सालीं बल्गेरियांतील सोफिया येथील स्पर्धेंत आपसांत बरोबरी ठरविण्यास मनाई करण्यांत आली, आणि तेव्हांपासून पुष्कळ ठिकाणीं अमुक खेळ्या झाल्यावांचून बरोबरी विचारूं नये असा नियम असतो. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही सांगत असतों कीं, ज्या स्थितींत आणखी कांहीं खेळण्यासारखें आहे तेथें हात पुढें करूं नका.

बरोबरी विचारण्याची रीतहि ठरलेली आहे, आणि ती न कळल्यामुळें मुलांचें नुकसान होतें. आधीं आपली खेळी करावी, मग “बरोबरी?” असें एकदांच विचारावें, मग घड्याळाची कळ दाबावी. प्रतिपक्षी विचार करीत असतां विचारणें किंवा पुन्हां पुन्हां विचारणें हें त्रास देण्यासारखें असून पंच त्याबद्दल समज देतात. विचारलें होतें याची खूण नोंदीच्या कागदावर करावी. तीच स्थिति तिसऱ्यांदां येत असेल तर त्याहून दक्ष राहिलें पाहिजे. ती आपल्या खेळीनें येणार असेल तर खेळी प्रत्यक्ष न करतां ती फक्त कागदावर लिहावी, पंचांस बोलवावें आणि हक्क सांगावा. उतावळेपणानें मोहरें उचलून खेळी करून टाकली कीं त्या वेळचा हक्क गेला. ज्यानें कागद नीट लिहिला नाहीं त्यास तीच स्थिति पूर्वीं दोनदां आली होती हें दाखवितांहि येत नाहीं.

बरोबरी म्हणजे झोंप, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं २०२५ सालच्या जुलै महिन्यांतील बाटुमीची हकीकत लक्षांत घ्यावी. जॉर्जिया देशांतील त्या शहरीं महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी दोन भारतीय स्त्रियांमध्यें झाली: आंध्रच्या कोनेरू हंपी आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. हंपी कित्येक वर्षें जगांतील पहिल्या कांहीं स्त्रियांत गणल्या गेलेल्या. दिव्या अवघी एकोणीस वर्षांची. २६ तारखेचा पहिला डाव बरोबरींत सुटला. २७ तारखेचा दुसराहि बरोबरींत सुटला. २८ तारखेस जलद डाव ठेवले, त्यांतला पहिला बरोबरींत. तीन डाव झाले, दोघींचे दीड-दीड गुण. मग चौथ्या डावांत काळ्या मोहऱ्यांनीं खेळत असतां दिव्यानें विजय मिळविला, अडीच विरुद्ध दीड असा सामना घेतला आणि ती त्याच क्षणीं भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर ठरली. वर्तमानपत्रांनीं चौथ्या डावाचे रकाने भरले, तें स्वाभाविक आहे. परंतु पहिले तीन डाव तिनें राखले नसते तर चौथा खेळावयाची पाळीच आली नसती. त्या तीन अर्ध्यांवर ती उभी होती.

सुलतान खान १९६६ सालीं सरगोधा येथें वारले. त्यांस ग्रँडमास्टर ही पदवी हयातींत मिळाली नाहीं. जागतिक संघटनेनें ती मानद म्हणून २०२४ सालीं, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनीं दिली. खाडिलकरांस कोणतीच पदवी नाहीं. परंतु सुलतान खानांचें चरित्र कोणीहि लिहो, १९३५ च्या सामन्याच्या ओळींत ‘दहा डावांत एक बरोबरी’ हे शब्द लिहावेच लागतात, आणि तेवढ्यापुरतें खाडिलकरांचें नांव त्या ओळींत येतें.

आतां सुटींत सोडविण्यासाठीं एक स्थिति देतों. पांढरा राजा एफ ५ वर, पांढरा उंट सी २ वर, पांढरें प्यादें एच ४ वर, काळा राजा एकटा, एफ ७ वर, काळ्याची पाळी. पांढऱ्याकडे एक सबंध उंट आणि एक प्यादें अधिक आहे, तरी काळ्यानें नीट खेळल्यास डाव बरोबरींतच सुटतो. काळ्या राजानें कोणत्या घरीं जाऊन बसावें, आणि उंट त्यास तेथून कां हुसकूं शकत नाहीं, हें पट मांडून शोधावें. उंट कोणत्या रंगाच्या घरांतून चालतो आणि एच ८ चा कोपरा कोणत्या रंगाचा आहे, इकडे लक्ष दिलें म्हणजे पुरे. उत्तरें खेळ्यांसह लिहून आमच्याकडे आणून द्यावीं. आईबापांनीं मदत केली असेल तर त्यांचींहि नांवें खालीं लिहावीं.